यादीवर नाव

आमच्या किंडरगार्टनच्या दारावर बाराही महिने कुठली ना कुठली यादी लटकलेली असते, शेजारी सुतळीला बांधलेली पेन्सिल. उन्हाळी जत्रेत वॉफल कोण भाजणार, दोन ते तीन कोण, तीन ते चार कोण. मुलांच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात केक कोण आणणार, त्यातले दोन तरी बदाम-अक्रोड न घातलेले हवेत. एखाद्या शनिवारी हौदातली जुनी वाळू उपसून नवी भरायला कोण येणार. फावडं ज्याचं त्याने आणायचं. पोराला सोडायला आलेले आईबाप त्याच्या बुटांचे बंद सोडता सोडता यादी वाचतात आणि जाताना नाव लिहितात. नाही लिहिलं तर कोणी विचारत नाही. पण यादी दारावर असते आणि दारातून सगळेच ये-जा करतात.

स्टुटगार्टच्या बाहेर, द्राक्षाच्या मळ्यांना लागून असलेल्या एका गावात मी नोकरी करते. किंडरगार्टन गावातल्या प्रोटेस्टंट चर्चचं. म्हणजे चालवायचं चर्चने आणि खर्चाचा मोठा वाटा नगरपालिकेने आणि राज्य सरकारने उचलायचा. जर्मनीत तीन वर्षांच्या प्रत्येक मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 1996 पासून आहे आणि 2013 च्या ऑगस्टपासून तो वर्षाच्या मुलापर्यंत खाली आला. एवढ्या जागा नगरपालिका एकट्याने कुठून आणणार? म्हणून गावोगाव प्रोटेस्टंट आणि कॅथलिक बालवाड्या आहेत आणि त्यांत मुलं सगळ्यांची असतात. आमच्या गटात तुर्की आहेत, सीरियन आहेत, क्रोएशियन, युक्रेनियन, मराठी आहेत. आणि चर्चमधून नाव काढून घेतलेल्या जर्मन घरांतली तर बरीच. नाव काढण्यामागे श्रद्धेइतकाच पैशाचाही भाग असतो. आमच्या राज्यात आयकराच्या आठ टक्के इतकी रक्कम सभासदांकडून चर्चचा कर म्हणून वेगळी कापली जाते. गंमत अशी, की कर वाचवायला नाव काढलेला बाप जत्रेत वॉफलच्या यादीत मात्र पहिला असतो.

मी नगरची. घर ख्रिस्ती, पणजोबांच्याही आधीपासून. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली 1831 साली, त्यामुळे आमच्यासारखी घरं तिथे पुष्कळ. इथल्या सहकाऱ्यांना हे पचायला वेळ लागला. भारतीय बाई म्हणजे हिंदू, हा त्यांचा हिशेब पक्का होता. पहिल्याच डिसेंबरात एकीने मला ख्रिसमस म्हणजे काय ते प्रेमाने समजावून सांगितलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण ती फार छान सांगत होती. मग म्हटलं, आमच्याकडेही नाताळ असतो, फक्त करंज्या-चकल्यांसकट, आणि फराळाचं ताट आधी शेजारच्या जोशीकाकूंकडे जातं, कारण दिवाळीत त्यांच्याकडून आलेलं असतं. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, आता तू सांग, मी ऐकते.

किंडरगार्टन या संस्थेचा जन्मच मुळी पाळकाच्या घरातल्या माणसाच्या हातून झाला. फ्रीडरिश फ्रोबेल, जन्म 1782, थुरिंगियातल्या एका खेड्यातल्या पाळकाचा मुलगा. 1837 साली त्याने बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला हे नाव दिलं. पुढे 1851 साली प्रशियाच्या सरकारने त्याच्या बालवाड्यांवर बंदी घातली. आरोप काय, तर इथे मुलांना नास्तिक आणि समाजवादी बनवतात! पुतण्याच्या लेखनाचं खापर काकाच्या डोक्यावर फुटलं असं म्हणतात. बंदी उठली 1860 मध्ये. तोवर फ्रोबेलला जाऊन आठ वर्षं झाली होती. ज्या गोष्टीला निरीश्वरवादी म्हणून टाळं लागलं, ती आज देशभर चर्च चालवतं आहे. मला हा इतिहास इथल्या अभ्यासक्रमात शिकवला तेव्हा एक गोष्ट मी वर्गात सांगितली. आमच्या पंडिता रमाबाई 1886 साली अमेरिकेत गेल्या, तिथे फिलाडेल्फियात फ्रोबेलची पद्धत शिकल्या आणि परत येऊन 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. आमच्या मास्तरीणबाईंनी नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून.

आता दिवस कसा जातो ते थोडक्यात. सकाळी सगळी मुलं गोल करून बसतात, मध्ये मेणबत्ती. आज कोण आलं नाही, बाहेर हवा कशी आहे, एखादं गाणं. जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना. कोणी हात जोडतं, कोणी तळवे वर करतं, कोणी नुसतं सूपकडे बघत बसतं. त्याबद्दल आम्ही कुणालाच काही म्हणत नाही. एकदा मुलांनी हट्ट धरला, तुझ्या चर्चमधलं गाणं म्हण. आमच्याकडे उपासनेत ना. वा. टिळकांची भजनं असतात, अभंगाच्या चालीवर, पेटी-तबल्यावर. टाळ्या वाजवत मी एक म्हटलं. बागेच्या फाटकाचं कुलूप दुरुस्त करायला आलेले एक आजोबा दारात थबकले. ते गावातल्या चर्चच्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतात. गाणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, एका आवर्तनात ठोके किती? आठ, म्हटलं. मग त्यांनी हातातल्या पान्यानेच फाटकावर केरवा धरला, आणि चुकत होते तरी सोडला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हंगामाचा सण. मुलं टोपल्यांतून भोपळे, सफरचंदं, बटाटे, पावाच्या लाद्या चर्चमध्ये नेऊन वेदीपुढे मांडतात. दुसऱ्या दिवशी त्यातल्या भाज्यांचं सूप होतं आणि टिकणाऱ्या वस्तू गरिबांच्या अन्नकेंद्रात जातात. सूपसाठी मुलं स्वतः गाजरं चिरतात, खऱ्या सुरीने. हे पाहून माझा पहिल्या वर्षी जीव वर-खाली झाला होता. आता मीच सुऱ्यांना धार आहे का बघते, कारण बोथट सुरी जास्त निसटते. नगरकडे हा सण आणखी धमाल असतो. तिथे ज्वारी, अंडी, कोंबडा, लुगडं, जे येईल त्याचा उपासनेनंतर लिलाव होतो. एखादा कोंबडा घेणारा तो पुन्हा अर्पण करतो, पुन्हा बोली लागते आणि दुपारपर्यंत त्या कोंबड्याने चर्चच्या पत्र्याचे पैसे काढून दिलेले असतात. हे मी इथल्या पाळकबाईंना सांगितलं. त्या हसल्या खूप, पण कोंबडा आणू का विचारल्यावर म्हणाल्या, आधी नगरपालिकेला विचारावं लागेल.

इथे मला जे कळत गेलं ते एवढंच, की परका सण बघून कळत नाही. त्यातलं एखादं काम अंगावर आलं की कळायला लागतो. आपल्याकडच्या शाळांत पालक म्हणजे गॅदरिंगला पुढच्या खुर्च्या धरून मोबाइल उंचावणारा प्रेक्षक. इथे प्रेक्षकांच्या खुर्च्याच नसतात. सगळे कुठल्या तरी टेबलामागे उभे. मग काउंटरवर उभ्या राहिलेल्या बाईला शेजारीण विचारते, ही दालचिनी कधी घालायची? आणि तिथून बोलणं सुरू होतं.

याच्या उलट जो प्रकार मला आवडत नाही तो म्हणजे 'देशोदेशीचा दिवस'. वर्षातून एकदा प्रत्येकाने आपापल्या देशाचा झेंडा लावून टेबल मांडायचं, मी साडी नेसायची, कुणाच्या तरी हातावर मेंदी काढायची आणि समोशाची चव बघून लोकांनी पुढच्या देशाकडे सरकायचं. हेतू चांगला असतो, वाद नाही. पण त्या दिवशी मी तिथली कामकरी बाई राहत नाही, प्रदर्शनातली वस्तू होते. दोनेक वेळा साडी नेसले, मग बैठकीत स्पष्ट सांगितलं, की मला नमुना व्हायचं नाही, मला काम द्या. कुणी वाईट वाटून घेतलं नाही. जर्मन बैठकीचा हा एक फायदा, तोंडावर बोललेलं चालतं.

आता नोव्हेंबर. सांक्ट मार्टिन हा सण मुलांचा लाडका. चौथ्या शतकातला रोमन शिपाई, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून त्याने तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला. 11 नोव्हेंबर हा त्याचा दिवस. संत मानणं हे प्रोटेस्टंटांचं काम नव्हे, पण मार्टिन लूथरचा बाप्तिस्मा 1483 साली त्याच दिवशी झाला आणि नावही त्यावरूनच पडलं, त्यामुळे आमच्याकडेही कुणाची ना नसते. मुलं कागदाचे कंदील करतात, अंधार पडला की ते काठीला लावून गावातून गात फिरतात. पुढे घोड्यावर मार्टिन, मागे पितळी बँड, चौकात रहदारी अडवायला गावातल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची माणसं. शेवटी अंगणात शेकोटी, गरम फळांचा रस, आणि प्रत्येकाने आपला गोड पाव मोडून अर्धा शेजाऱ्याला द्यायचा.

काही वर्षांपूर्वी या सणाच्या नावावरून जर्मनीत वर्तमानपत्रांतून बरंच रण माजलं होतं. काही बालवाड्यांनी त्याला 'कंदिलांचा सण' किंवा तत्सम काही म्हणायला सुरुवात केली, इतर धर्मांच्या मुलांना परकं वाटू नये म्हणून. आमच्या पालकसभेतही एका बापाने हा मुद्दा काढला. तो स्वतः चर्च सोडलेला, बोलला सरळपणे, कुजकटपणा नव्हता. त्यावर एक सीरियन आई उठली. तिचं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं होतं. ती म्हणाली, आमच्या ईदला तुम्ही सगळे 'साखरेचा सण' म्हणता. ती ईद आहे. तुमच्या सणाला नाव आहे ना, मग नावाने हाक मारा. माझ्या मुलाला भिकारी व्हायचंय या वर्षी, त्याला कुठल्या गोष्टीतला भिकारी ते कळायला नको?

सभेत हशा पिकला, नाव राहिलं. मी तिच्या बाजूची आहे आणि तेव्हाही होते. सगळ्यांना चालेल असा रंग काढून टाकलेला सण कुणाचाच राहत नाही, आणि तो कुणी मुलांना सांगूही शकत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. मात्र त्या बापाचा प्रश्न फालतू नव्हता. ज्याला प्रार्थना म्हणायची नाही त्याच्या मुलाला गप्प बसण्याची मुभा हवी, आणि ती आहे की नाही हे अधूनमधून कुणीतरी विचारलंच पाहिजे.

त्या बाईचा नवरा अलेप्पोत शिंपी होता. मार्टिनचा झगा त्याच्याकडे गेला. आमच्याकडे आधी एक लाल पडदा होता, दर वर्षी मार्टिन त्याची मधली टाचणी शोधत घोड्यावर चाचपडायचा. या माणसाने जाड लाल लोकरीचं कापड आणलं, झग्याचे दोन भाग केले आणि मधल्या शिवणीला आतून वेल्क्रोची पट्टी लावली. लाकडी तलवार वरून खाली ओढली की झगा 'फर्रर्र' करत फाटतो. तो आवाज ही आता आमच्या सणातली मुख्य घटना आहे. सराव करताना मुलांनी तो झगा इतक्यांदा फाडला, की शिंपीदादांना पट्टी बदलून द्यावी लागली.

2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, मार्टिनच्या दुसऱ्याच दिवशी. बैठकीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लक्ष्मीपूजन आमच्या घरात होत नव्हतं, ते मी करून दाखवणार नाही. पण दिवाळीत वाड्यातल्या सगळ्या पोरांबरोबर आम्ही भावंडं मातीचा किल्ला करायचो, तो मला येतो. दुसऱ्या दिवशी दारावर यादी लागली: दगड, विटा, बटाट्याची रिकामी पोती, खेळण्यातले सरदार, घोडे, आणि चिखल कालवायला चार माणसं.

आमच्या मराठी पालकांपैकी एक पुण्याचा, जवळच्या मोटार कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा. तोवर त्याचं नाव कधी कुठल्या यादीवर नव्हतं. फी भरतो ना, असं एकदा मला मराठीत म्हणाला होता. या यादीवर त्याने सगळ्यांत वर नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि शनिवारी सकाळी आठला गमबूट घालून हजर. पुढचे दोन तास तो बोलतच होता. बुरूज इथे नको, तिथे. महादरवाजा दोन बुरुजांच्या मध्ये लपलेला पाहिजे, समोरून दिसता कामा नये. तटावर पोतं नीट बसत नाही म्हणून त्याने ते स्वतः सोडवून पुन्हा बसवलं. मुलं कंटाळून झोपाळ्यावर गेली. मीच मग त्याला म्हटलं, दादा, जरा त्यांनाही करू द्या. तो ओशाळला, मागे झाला आणि पाणी आणायच्या कामाला लागला.

किल्ला हा प्रकार इथल्या मुलांना परका नव्हताच. स्वाबियन आल्बच्या डोंगररांगेवर ठिकठिकाणी जुने गड आणि पडके तट आहेत, रविवारी आईबाप त्यांना तिथेच नेतात. त्यामुळे शत्रू कुठून येणार, विहीर कुठे खणायची याची चर्चा रंगली. मी गोष्ट सांगितली ती हिरकणीची. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, दूध घालायला गेलेली गवळण वर अडकली, खाली घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. एका पाच वर्षांच्या मुलीने ताबडतोब विचारलं, बाळाला सांभाळायला तिच्याकडे कुणी नव्हतं का? दुसऱ्याने विचारलं, किंडरगार्टन किती वाजता बंद व्हायचं? मग त्यांनी कड्याच्या तळाशी एक घर बांधलं, त्यात बाळ ठेवलं आणि शेजारी एक बाई उभी केली. ती बाई कोण, तर मी.

किल्ल्यावर हिरवळ हवी. आम्ही नगरला अळीव नाहीतर मोहरी पेरायचो. मोहरी कुठे मिळेल असं विचारत होते, तर माझी सहकारी म्हणाली, आपल्याकडे क्रेसेच्या पुड्या उरल्यात, ईस्टरच्या. इथे ईस्टरला मुलं अंड्याच्या टरफलात ओला कापूस घालून क्रेसे उगवतात, कात्रीने कापून लोणी लावलेल्या पावावर खातात. पुडी फोडली आणि तळहातावर ओतली. तांबूस, लांबट, निमुळते दाणे. एक थेंब पाणी टाकल्याबरोबर प्रत्येकाभोवती चिकट बुळबुळीत थर. हे अळीव होतं. बाळंतिणीला लाडू करून घालतात ते. इतकी वर्षं ईस्टरला मी मुलांना त्या पुड्या वाटत आले होते, पण त्या नेहमी मुलांच्या हातून थेट कापसावर जायच्या. मुलांची बोटं एकमेकांना चिकटली, चिखलात घालायच्या रबरी विजारींवर दाणे चिकटले, आणि थोडे तटावरही पडले. थंडी असूनही मार्टिनच्या आधी तट हिरवा झाला.

मिरवणूक शुक्रवारी निघाली. फाटकावर आकाशकंदील टांगला होता, पुणेकराने घरी बांबूच्या काड्यांचा केलेला. मुलांचे कंदील त्याच्याखालून गेले. बँडने नेहमीची गाणी वाजवली, ट्रॉम्बोनवाल्या आजोबांनी मला लांबूनच बोटांनी आठ दाखवले. झगा फर्रर्र करून फाटला, भिकारी झालेला मुलगा इतका खूश होता की कुडकुडायचं विसरला. आणि मग मार्टिन खाली उतरून रस प्यायला गेला तेव्हा त्याचा तट्टू, जवळच्या शेतावरचा, लगाम सैल मिळाल्यावर सरळ किल्ल्याकडे वळला आणि त्याने पूर्वेचा तट शांतपणे खाऊन टाकला. मुलांनी एकच कल्ला केला. अग्निशमन दलाचा एक भला माणूस धावत आला, पण तोवर बुरूजही गेला होता. पुणेकराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

पश्चिमेची बाजू वाचली. ती सोमवारी मुलांनी कात्रीने कापली, धुतली आणि पाव-लोण्यावर घालून खाल्ली. निम्म्यांना तिखट लागली. शिंपीदादांची बायको मुलाला न्यायला आली होती. तिने एक पान चुरडून नाकाला लावलं आणि म्हणाली, हे तर राशाद, आम्ही सॅलडमध्ये खातो, आणि माझी आजी याचं बी दुधात शिजवून बाळंतिणीला द्यायची. माझी सहकारी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघायला लागली. तिच्या लेखी ती ईस्टरची सजावट होती.

पुणेकर तिथेच उभा होता. त्याच्या बायकोला आठवा महिना चालला होता, आणि त्याची आई पुण्याहून अळीव, डिंक, खारीक यांचं पार्सल करायच्या तयारीत होती. त्याने पुडीवरची किंमत पाहिली, मला विचारलं की हे खायचंच बी आहे ना, औषध वगैरे मारलेलं नाही ना. मी पुडी उलटी करून दाखवली. त्याने तिथूनच फोन लावला आणि म्हणाला, आई, अळीव नको पाठवूस, इथे मिळतंय. डिंक मात्र पाठव.

पलीकडून आईने विचारलं असावं, कुठे मिळालं. तो म्हणाला, बालवाडीत.